छात्राध्यापकाच्या पाठाचे फळ कसे मोजावे?

अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापक सराव पाठांसाठी आपल्या शाळेत येतात, तेव्हा त्यांच्या पाठाचे निरीक्षण बहुधा फलकलेखन, आवाज, प्रश्नकौशल्य आणि साधने या अंगांनी होते. पाठ चांगला झाला, असा शेरा मिळतो. परंतु मुले त्यातून काय शिकली, याचा उल्लेख त्या शेऱ्यात क्वचितच असतो. हे मोजमाप छात्राध्यापकास स्वतः करता येते. मात्र त्यास वर्गशिक्षकांचे साहाय्य हवे.

मोजावयाची गोष्ट लहान व नेमकी असावी. 'मुलांना गणिताची गोडी लागेल' हे उद्दिष्ट मोजता येत नाही; 'मूल हातच्याची दोन अंकी वजाबाकी स्वतः करील' हे येते. घटक सुरू करण्यापूर्वी दहा-वीस उदाहरणांची पूर्वचाचणी घ्यावी. घटक संपल्यावर तितक्याच काठिण्याची, परंतु आकडे बदललेली उत्तरचाचणी घ्यावी.

उदाहरणांची निवड मात्र विचाराने करावी. ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले असता काही मुले ३५ हे उत्तर लिहितात. यांतील एक मूल वरखाली न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते: सातातून दोन गेले, पाच उरले. दुसरे मूल दशक सुटा करून १२ मधून ७ बरोबर वजा करते, पण घेतलेला दशक कमी करण्यास विसरते. चुका दोन, उत्तर एकच. त्याऐवजी ५२ मधून २८ वजा करावयास दिल्यास पहिले मूल ३६ लिहील व दुसरे ३४. पहिल्यास काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागेल. दुसऱ्यास दशकाचा अंक खोडून नवा लिहिण्याची सवय लावली की बहुधा पुरे. पूर्वचाचणीचा खरा उपयोग हा आहे, आणि पाठटाचण तिच्यानंतरच लिहावे हे बरे.

आता वाढीचा हिशेब. समजा, वीस गुणांच्या चाचणीत एका मुलाचे गुण ४ वरून १२ झाले व दुसऱ्याचे १६ वरून १८. वाढ ८ व २ अशी दिसते. परंतु पहिल्यास वाढीस वाव १६ गुणांचा होता, दुसऱ्यास केवळ ४ गुणांचा. दोघांनीही उपलब्ध वावाचा निम्मा भाग मिळविला. अमेरिकेतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ साली सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध करताना वर्गाच्या सरासरीला हीच रीत लावली होती. मात्र सरासरीवर विसंबू नये. वर्गाची सरासरी वाढली तरी चार मुले होती तेथेच असू शकतात. म्हणून प्रत्येक मुलाची नोंद वेगळी ठेवावी. दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्यांचेच गुण हिशेबात धरावेत, आणि गैरहजर किती होते हेही लिहावे. ऊसतोडणीच्या हंगामात ही संख्या लहान नसते.

वाढ झाली ती पाठामुळेच, हे कशावरून? घरी थोरल्या बहिणीने शिकविले असेल, किंवा मूल चाचणीस सरावले असेल. मोठ्या शाळेत दुसऱ्या तुकडीशी तुलना करता येते. दोनशिक्षकी शाळेत तुकडी कोठून आणावी? तेथे सोपा उपाय असा की, दोन्ही चाचण्यांत न शिकविलेल्या घटकाचेही, जसे घड्याळ वाचण्याचे, चार-पाच प्रश्न घालावेत. त्यांतही तेवढीच वाढ दिसली, तर श्रेय पाठास देता येणार नाही.

उत्तरपत्रिका शक्यतो वर्गशिक्षकांनी तपासाव्यात. छात्राध्यापकास स्वतःच्या श्रमांचे फळ पाहण्याची उत्सुकता असते, आणि अर्धवट उत्तरास गुण देताना हात सैल पडतो.

शेवटच्या पाठानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा पाच उदाहरणे द्यावीत. त्या वेळी छात्राध्यापक बहुधा परत गेलेला असतो. तेव्हा हे काम वर्गशिक्षकांनी करून निकाल त्यास कळवावा. जाण्यापूर्वी त्याने प्रत्येक मुलाची नोंद असलेला तक्ता वर्गशिक्षकांच्या स्वाधीन करावा, आणि ज्यांची वजाबाकी अद्याप चुकते त्या मुलांच्या नावापुढे कोणती चूक होते तेही लिहून ठेवावे.