केसपेपरवरची पहिली ओळ

भाजलेला माणूस सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येतो तेव्हा सगळ्यांचीच धावपळ चालू असते. कोणी सलाईन लावते, कोणी अंगाला चिकटलेले कपडे कापते, कोणी नातेवाइकांना बाहेर थांबवते. या गडबडीत ड्युटीवरचा डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितो: कशाने भाजले, कुठे, किती वाजता. बहुतेक वेळा सोबत आलेल्या शेजाऱ्याने सांगितले तेच. लिहायला मिनिटभरही लागत नाही. पुढे हीच ओळ पोलीस वाचतात, विमा कंपनीचा सर्वेक्षक वाचतो, मालकाचा वकील वाचतो आणि दोन-तीन वर्षांनी न्यायाधीश वाचतात. तोवर जखमा भरलेल्या असतात, शेजारी दुसरीकडे राहायला गेलेला असतो, जळालेली शेगडी भंगारात गेलेली असते. ओळ मात्र तशीच असते.

देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि जवळपास २ लाख ४० हजार जणांना त्यातून अपंगत्व येते, असा केंद्र सरकारच्या जळीत प्रतिबंध कार्यक्रमाचा अंदाज आहे. यातल्या अनेकांना कोणत्या ना कोणत्या कायद्याने भरपाई मागता येते. कित्येकांना ते ठाऊकच नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांचे घोडे बहुधा कागदावर अडते. आणि तो कागद रुग्णालयातून गेलेला असतो.

पहिला घोळ टक्क्यांचा. 'तीस टक्के भाजला' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते. हे टक्के त्वचेच्या क्षेत्रफळाचे असतात. प्रौढ माणसाचे डोके आणि मान मिळून नऊ, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ अठरा असा ढोबळ हिशेब डॉक्टर करतात. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे साधारण एक टक्का. हा हिशेब पहिल्या एक-दोन दिवसांत सलाईन किती द्यायचे आणि जिवाला धोका किती, हे ठरवण्यासाठी असतो. पुढे तो माणूस कसा जगेल, काय काम करू शकेल, हे तो हिशेब सांगत नाही, सांगायचा त्याचा हेतूही नसतो.

गरम पाणी सांडून पाठीवर पंधरा टक्के वरवरचे भाजले, तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेकदा फारसा व्रण न राहता त्वचा भरून येते. उलट शिवणकाम करणाऱ्या बाईचे फक्त दोन तळहात खोल भाजले, तर कागदावर दोन टक्के आणि हातातले काम कायमचे गेले. विजेचे भाजणे तर आणखी फसवे. तळहातावर रुपयाएवढा काळा डाग दिसतो आणि आत हाडालगतचे स्नायू कोपरापर्यंत मेलेले असतात. हात कापावा लागतो. क्षेत्रफळाच्या रकान्यात मात्र 'दोन टक्के' हेच राहते. दाव्याच्या वेळी समोरच्या बाजूचा वकील हाच आकडा वर धरतो, आणि तो आकडा खोटा नसल्यामुळे त्याला उत्तर देणे अवघड जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या अपघात दाव्यात हा गुंता बराच सोडवला. शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान वेगळे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अपंगत्व किती, हे डॉक्टरने सांगायचे. त्याचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. म्हणून प्रमाणपत्रात नुसता आकडा पुरत नाही. उजव्या हाताची मूठ पूर्ण वळत नाही, मान डावीकडे फिरत नाही, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, भाजलेल्या जागी घाम येत नसल्याने भट्टीजवळ उभे राहवत नाही, अशी साध्या भाषेतली वाक्ये लागतात. ती लिहायला डॉक्टरला दहा मिनिटे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दहा मिनिटे मिळत नाहीत, हे खरे. पण मागितल्याशिवाय तर ती मिळतच नाहीत.

दुसरा घोळ वेळेचा. भाजल्याची जखम भरणे म्हणजे भाजण्याचा शेवट नव्हे. खोल जखम भरल्यावर काही आठवड्यांनी तिथला व्रण जाड, लाल आणि कडक होऊ लागतो. तो कित्येक महिने वाढतो, खाजतो, आखडतो. पूर्ण मऊ पडायला एक ते दोन वर्षे जातात. या काळात काख, कोपर, मान, बोटे आखडून जाऊ नयेत म्हणून व्यायाम, स्प्लिंट आणि दिवसातून तेवीस तास घालायचे घट्ट दाबकपडे लागतात. लहान मुलांचे आणखी कठीण. मूल वाढते, व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही. त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून तो सोडवावा लागतो. डिस्चार्ज कार्डावर मात्र लिहिलेले असते, 'जखमा भरल्या, प्रकृती समाधानकारक.' त्या दिवशी ते खरेच असते.

कायद्याचे घड्याळ मात्र व्रण पिकण्याची वाट पाहत नाही. वाहन पेटून कोणी भाजले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. कामावरच्या अपघाताला दोन वर्षांची मुदत आहे. त्यामुळे दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. अर्ज मुदतीत करून टाकायचा आणि अपंगत्वाचे अंतिम प्रमाणपत्र व्रण स्थिर झाल्यावर जोडायचे. पुढे लागणाऱ्या शस्त्रक्रियांचा आणि दाबकपड्यांचा खर्चही दाव्यात मागता येतो. पण भरपाई साधारणपणे एकदाच आणि एकरकमी ठरते. तेव्हा मागायचे राहून गेले, तर नंतर वेगळे मिळत नाही.

आता घरातल्या गॅसकडे वळू, कारण इथे हक्क सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा आहे. तेल कंपन्यांनी सिलिंडरच्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा काढलेला असतो. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, त्याच्या नावाची वेगळी पॉलिसीही नसते. म्हणूनच बहुधा कोणाला पत्ता नसतो. आगीचे मूळ कारण गॅस असेल, तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपये, उपचारांसाठी माणशी जास्तीत जास्त २ लाख (एका घटनेत सगळ्यांचे मिळून ३० लाख) आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत, अशी तरतूद आहे. घटना घडल्यावर वितरकाला लगेच लेखी कळवायचे. पुढे तो कंपनीला आणि कंपनी विमा कंपनीला कळवते. तोंडी सांगून भागत नाही. अर्जाची पोच घ्यावी.

इथे ती पहिली ओळ पुन्हा आडवी येते. आपल्याकडे गॅसच्या शेगडीलाही स्टोव्ह म्हणतात आणि रॉकेलच्या स्टोव्हलाही स्टोव्हच. शेजारी सांगतो, 'स्टोव्हचा भडका झाला,' डॉक्टर तसेच लिहितो, आणि सर्वेक्षकाच्या लेखी तो रॉकेलचा स्टोव्ह ठरू शकतो. 'सिलिंडरची नळी निसटून गॅस गळाला, काडी ओढताच भडका' असे लिहिले असते, तर वाद उरला नसता. पोलीस पंचनामा, नळी आणि रेग्युलेटरचे फोटो, उपचारांची मूळ बिले हे सगळे लागते. रेग्युलेटर फेकून देऊ नये, हे त्या वेळी कोणाला सुचत नाही. गळती चालू असेल तर आधी जीव महत्त्वाचा: बटणांना हात न लावता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडायचे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते साधे पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट काही नको. त्याने जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि जखम किती खोल आहे हेही डॉक्टरला नीट दिसत नाही.

कामाच्या जागी भाजलेल्यांची गोष्ट निराळी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे तत्त्व असे की काम करताना, कामामुळे इजा झाली, तर मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, तत्त्व कायम आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. राज्य विमा योजनेत नाव असलेल्यांनी तिथूनच लाभ घ्यायचा असतो.

समजा, तीस वर्षांचा एक आचारी उकळत्या तेलाने भाजला. पगार १८ हजार. पण हिशेबाला १५ हजारच धरायचे, ही मर्यादा २०२० मध्ये ठरली. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले त्याच्या वयासाठी तक्त्यात दिलेला २०७.९८ हा आकडा: १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. कमाईची क्षमता ३० टक्केच गेली, असे डॉक्टरने लिहिले तर ५ लाख ६१ हजार ५४६. दोन्हींमधले तेरा लाख रुपये एका वैद्यकीय मतावर टांगलेले असतात.

त्यातच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एक नोंद आहे, जी वकिलांना माहीत असते आणि डॉक्टरांना बहुधा नसते. दोन्ही हात जाणे, दृष्टी जाणे यांच्याच पंगतीत 'चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता' शंभर टक्के अपंगत्व म्हणून बसवलेली आहे. हातपाय धड असले तरी असा चेहरा घेऊन माणसाला काम मिळणे कठीण, हे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात शिरले, याचे आजही नवल वाटावे. पण डिस्चार्ज कार्डावर 'चेहऱ्यावरील जखमा भरल्या' एवढेच असेल, तर त्या नोंदीचा उपयोग कसा व्हावा?

वीज कंपनीच्या तारेने भाजलेल्यांच्या बाजूने न्यायालये जवळपास ठाम आहेत. मध्य प्रदेशात पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवरून एक सायकलस्वार गेला आणि दगावला. कोणीतरी चोरून वीज घेत होता, आमचा दोष नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते फेटाळले. इतकी धोकादायक वस्तू जो पुरवतो, त्याची जबाबदारी दोष असो वा नसो राहतेच. म्हणून तार तुटली होती, की खांबाला प्रवाह उतरला होता, की घरातल्या वायरचा धक्का होता, हे केसपेपरवर स्पष्ट हवे. नुसते 'शॉक लागला' कामाचे नाही.

ॲसिडहल्ल्याबाबत नियम सर्वांत स्पष्ट आहेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान ३ लाख रुपये ठरवले, त्यातले १ लाख पंधरा दिवसांत. २०१५ मध्ये खासगी रुग्णालयांनाही मोफत उपचार आणि 'ॲसिडहल्ला पीडित' असे प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिडने विद्रूप झालेल्यांचा स्वतंत्र प्रकार आहे. मात्र ज्वाळेने तसाच चेहरा झालेल्या माणसाला त्या प्रकारात जागा नाही. त्याचे सांधे आखडले असतील, तर अस्थिव्यंगाच्या रकान्यात काही टक्के मिळतात. व्रण शेजारी शेजारी ठेवले तर कोणता ॲसिडचा आणि कोणता रॉकेलचा, हे अनुभवी डोळ्यालाही ओळखणे कठीण.

राहता राहिली ती स्वयंपाकघरात भाजलेली बाई, जळीत कक्षातली नेहमीची रुग्ण. ती कमावत नव्हती, मग नुकसान कसले, हा प्रश्न जुना आहे. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक गृहिणी दगावल्या. भरपाई ठरवण्याचे काम माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्याकडे सोपवले होते. त्यांनी गृहिणीच्या कामाची किंमत वर्षाला १२ हजार धरली. लता वाधवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती फारच कमी असल्याचे सांगून महिन्याला ३ हजार केली. आकडा आजच्या हिशेबाने किरकोळ आहे. पण घरकामाला किंमत असते, हे तेव्हापासून दाव्यांत गृहीत धरले जाते.

आणि ती पेटवली गेली असेल तर? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत जाळण्यात आलेल्या स्त्रीला, विद्रूपता आली असल्यास, ७ ते ८ लाख रुपयांची तरतूद आहे. आपल्याकडे २०१३ पासून मनोधैर्य योजनाही आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण ती आली तेव्हा सासू आणि नवरा सोबत होते, आणि केसपेपरवर लिहिले गेले, 'स्वयंपाक करताना पदर पेटला.' जळीत कक्षातल्या जुन्या सिस्टरना हे ओळखू येते. आगीत हात पुढे करून पदर झटकणाऱ्या बाईचे तळवे भाजतात. हिचे तळवे कोरे असतात आणि पाठ भाजलेली असते. त्याने काही सिद्ध होत नाही, पण विचारावेसे नक्की वाटते. सिस्टर नातेवाइकांना औषधे आणायला पाठवते, पडदा ओढते आणि पुन्हा विचारते, 'बाई, कसे झाले?' कधी उत्तर तेच येते. कधी वेगळे येते. मग डॉक्टरला बोलावले जाते, पोलिसांना निरोप जातो आणि केसपेपरवर दुसरी ओळ लिहिली जाते, तारीख-वेळ घालून, खाली सही करून. पहिली खोडायची नसते.