नोकरीबरोबर जाणारी खाट

‘पोलिश लोकांना आपल्याच माणसांत राहायला आवडतं,’ हा नेदरलँड्समधला जुना समज. 1 मे 2007 रोजी डच सरकारने पोलिश नागरिकांसाठी कामाच्या परवान्याची अट काढली. वेस्टलंडच्या काचगृहांत टोमॅटो तोडायला, वालवेइकच्या गोदामांत माल हलवायला माणसे येऊ लागली. त्यांतल्या अनेकांनी शेजार निवडलेलाच नव्हता. कामगार पुरवणारी एजन्सी नोकरीसोबत खाटही देते: गावाबाहेरच्या पर्यटन-बंगल्यांत, नाहीतर कामगारांसाठी उभारलेल्या मोठ्या वसतिगृहांत. खोलीत सोबती कोण, हेही बऱ्याचदा एजन्सीच ठरवते आणि कामावर नेणारी गाडीही तिचीच. पाळ्या सतत बदलत असताना डच भाषेच्या वर्गाला जायचे कधी? शेजाऱ्यांशी ओळख व्हायची कुठे? याला आवड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ही खाट फुकट असते, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भाडे पगारातून कापले जाते. प्रमाणित निवास असेल तर किमान वेतनातूनही ठरावीक मर्यादेपर्यंत कपात करता येते. खरा धोका त्याच्या पुढचा आहे. काम संपले की खाट जाते आणि अनेकदा आरोग्यविमाही. सरकारने नेमलेल्या एमिल रूमर यांच्या समितीने 2020 च्या अहवालात नेमके याच साखळीवर बोट ठेवले आणि घराचा करार नोकरीच्या करारापासून तोडा, असे सुचवले.

‘आमची स्वस्त घरे यांनीच बळकावली’ हा आरोप तर फारच पसरलेला. सामाजिक गृहनिर्माण संस्थांच्या घरांसाठी अनेक शहरांत वर्षानुवर्षे थांबावे लागते. काही महिन्यांसाठी आलेला कामगार त्या रांगेत पोहोचतच नाही. काही मालक कुटुंबाचे घर विकत घेऊन खाटेमागे भाडे वसूल करतात, त्याने गल्लीवर ताण येतो, हे खरे. पण तो नफा कामगाराचा नव्हे. तरी फेब्रुवारी 2012 मध्ये स्थलांतरविरोधी नेते खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने तक्रारनोंदीचे संकेतस्थळ उघडले ते पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांविरुद्ध, घरमालकांविरुद्ध नाही.

आता कायदा झाला, प्रश्न मिटला? 1 जुलै 2023 पासून भाडेकरार नोकरीच्या करारापासून वेगळा आणि लेखी हवा, भाडेकरूचे हक्क त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायला हवेत. हा बदल मोठा आहे. मात्र घरांची टंचाई तशीच असल्याने करार दोन झाले, तरी रिकामी खाट बहुतेकदा एजन्सीकडेच असते.