नाकाशेजारच्या खोल्या

पौषातली थंडी पडली की आपल्या वर्गात पाढ्यांपेक्षा नाकं ओढण्याचाच आवाज मोठा. त्यात कुणीतरी हमखास सांगतो, "गुरुजी, मला सायनस झालंय." आता सायनस हा काही रोग नव्हे बरं का! सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधली पोकळी. हवेने भरलेली खोलीच म्हणा ना. ती सगळ्यांनाच असते.

अशा खोल्यांच्या चार जोड्या आहेत. सगळ्यात मोठी गालांच्या हाडांत, एक डोळ्यांच्या मधे, एक पार आत आणि एक कपाळात. कपाळातली जोडी सात-आठ वर्षांच्या सुमारास आकार घेऊ लागते. म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलांनो, तुमच्या कपाळातलं बांधकाम अजून चालू आहे!

गालातल्या खोलीची गंमत अशी की, तिचं दार तळाशी नाही, वर छताजवळ आहे. घराची मोरी कुणी छताजवळ काढली तर त्या गवंड्याला आपण वेड्यातच काढू. पण या खोलीच्या भिंतींवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते रात्रंदिवस हलतात आणि आतला चिकट द्रव ढकलत ढकलत वरच्या दारापर्यंत नेतात. त्यात धूळ नि जंतू अडकलेले असतात. तो नाकावाटे घशात आणि तिथून पोटात जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

सर्दीत आतलं अस्तर सुजतं. दार बंद होतं, केस मंदावतात, द्रव तुंबतो. मग गाल दुखतो, कवायतीत खाली वाकलं की डोकं जड होतं. मोठ्या माणसांच्या वरच्या दाढासुद्धा ठणकतात, कारण त्यांची मुळं त्या खोलीच्या जमिनीला लागूनच असतात.

बहुतेक वेळा हे विषाणूंचं काम असतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. शेंबूड हिरवा झाला की "डॉक्टर, जोराचं इंजेक्शन मारा" असा हट्ट घरोघरी होतो. साध्या सर्दीतही रंग बदलतो, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. दहा दिवस उलटूनही उतार पडला नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर जिवाणूंची शंका घ्यायची. तेव्हा औषध लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. तोवर भरपूर पाणी प्या, चुलीच्या धुरापासून लांब बसा. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीशी घेऊन गोधडीखाली वाफ घेऊ नका. पातेलं कलंडून मुलं भाजतात.

डोळा सुजला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा मूल सुस्त पडलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोळा आणि शेजारची खोली यांच्यातली भिंत इतकी पातळ, की शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच 'कागदासारखा पत्रा' असा आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' आली होती, घरी विचारून पाहा. ती याच खोल्यांत वाढून डोळ्यापर्यंत पोचायची. रक्तातली साखर फार वाढलेल्यांना, स्टिरॉइड घेतलेल्यांना तिचा धोका जास्त. आपल्या मराठवाड्यातले कितीतरी रोगी तेव्हा घाटीत दाखल झाले.

आता खास पहिलीतल्यांसाठी. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर ते सायनस नसून बहुधा आत काहीतरी अडकलेलं असतं. आपल्याकडे मका भरपूर. दाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. घरी चिमटा घालू नका, तो आणखी आत सरकतो. कुणी रागावेल म्हणून लपवूही नका, लगेच सांगा. आणि घड्याळाचा बारीक सेल गेला असेल, तर उद्यावर टाकायचंच नाही. तो काही तासांत नाक आतून जाळतो.