निकालाच्या आधीची खबर



गेली तीस वर्षे मी गेटसभेत बोलत आलो आहे. या व्यासपीठावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्या पदवीने दिलेला नाही. दहावीनंतरचे माझे शिक्षण कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विद्यापीठातल्या विषयावर या माणसाने का बोलावे, असे आपल्या मनात आले तर ते रास्तच आहे.

आमच्या युनियनमधील एका सहकाऱ्याची मुलगी तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाली आणि ‘कॉग्निटिव्ह सायन्स’, म्हणजे आपण ज्याला बोधनविज्ञान म्हणू, ते शिकायला परगावी गेली. बापाने पतपेढीचे कर्ज काढले. पहिले सत्र संपले आणि एका विषयात ती नापास झाली. ती मला म्हणाली, “काका, चूक मी दुसऱ्याच आठवड्यात केली होती. ती मला निकाल लागल्यावर कळली.” हे वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून आजचा विषय.

माणूस पाहतो, ओळखतो, लक्षात ठेवतो, बोलतो, निर्णय घेतो. हे सारे मनात कसे घडते, याचा शोध घेणारे हे शास्त्र. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने त्याचा जन्मदिवस म्हणून ११ सप्टेंबर १९५६ ही तारीख सांगितली आहे. त्या दिवशी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील परिषदेत न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीची माहिती दिली आणि चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाची मीमांसा केली. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र, मज्जाशास्त्र आणि मानवशास्त्र अशा सहा घरांचा या शास्त्रात वाटा आहे. आज आपल्या देशात गांधीनगरच्या आय.आय.टी.तही ते शिकवले जाते.

अडचण या सहा घरांतच आहे. ‘प्रतिरूप’ हा एकच शब्द घ्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याचा अर्थ, मनातला विचार बाहेरच्या कोणत्या वस्तूविषयी आहे, या प्रश्नाशी जोडलेला असतो. संगणकाच्या वर्गात प्रतिरूप म्हणजे यंत्राला हाताळता येईल अशी माहितीची मांडणी. मज्जाशास्त्रात तोच शब्द मज्जापेशींच्या हालचालींचा विशिष्ट आकृतिबंध दाखवतो. आमची मुलगी सत्रभर पहिला अर्थ धरून दुसऱ्या वर्गातली उत्तरे लिहीत राहिली. ती आळशी नव्हती, मंदही नव्हती. ती चुकीच्या रस्त्याने निष्ठेने चालत होती, आणि वाटेत तिला थांबवणारे कोणी भेटले नाही.

लेथवर काम करणारा टर्नर शेवटचा कट घेईपर्यंत थांबून मग मोजमाप करत नाही. तो मधूनमधून यंत्र थांबवतो, मायक्रोमीटर लावतो, आणि मग पुढे जातो. कारण जास्त कापले गेलेले लोखंड पुन्हा चिकटवता येत नाही. विद्यापीठात मात्र पुष्कळदा पहिले खरे मोजमाप शेवटच्या कटानंतर होते.

गंमत अशी की, मधल्या मोजमापाची गरज मनाच्या अभ्यासकांनीच फार पूर्वी दाखवून दिली आहे. १९३२ साली ट्रोब्रिज आणि कॅसन यांनी एक साधा प्रयोग केला. माणसांचे डोळे बांधून त्यांना तीन इंचांची रेघ पुन्हापुन्हा ओढायला सांगितले. एका गटाला काहीच कळवले नाही. दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर निरर्थक अक्षरे ऐकवली. तिसऱ्याला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगितले. चौथ्याला रेघ किती आखूड किंवा किती लांब झाली, ते इंचाच्या अष्टमांशात सांगितले. पहिल्या दोन गटांत सुधारणा झाली नाही, तिसऱ्यात झाली, चौथ्यात सर्वांहून अधिक झाली. म्हणजे नुसता सराव माणसाला शिकवत नाही. आपण कुठे आणि किती चुकलो हे कळले, तर सराव शिकवतो.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याला स्वतःचे स्वतःला कळत नाही काय? पुष्कळदा कळत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार खेपा वाचला; काहींनी एक खेप वाचून तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला पुढे चांगले आठवेल, असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता!

पण इथे सावध राहिले पाहिजे. कळवणे म्हणजे फलकावर क्रमांक लावणे नव्हे. १९९६ साली क्लूगर आणि डेनिसी यांनी अशा शेकडो निष्कर्षांचा एकत्र हिशेब केला. कामाची खबर दिल्याने सरासरीने लाभ झाला. परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम उलट बिघडले. लक्ष कामावरून उडून ‘मी कोण, माझी किंमत काय’ याकडे वळले की खबरीचा उपयोग कमी होतो, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. कारखान्यात मी हे पाहिले आहे. “हा भाग इतका जाड झाला” असे सांगणारा सुपरवायझर कारागीर घडवतो. “तुला काही जमणार नाही” म्हणणारा त्याला घालवतो.

आता माझी एक चूक सांगतो. एका करारासाठी आम्ही चार महिने वाटाघाटी केल्या. शेवटी एकदम गोड बातमी देऊ, म्हणून मी सभासदांना मध्ये काहीच सांगितले नाही. करार वाईट नव्हता. तरी सभेने तो फेटाळला. त्या चार महिन्यांत प्रत्येकाने आपापल्या मनात एक आकडा धरला होता. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. आपण गप्प राहिलो म्हणजे समोरच्याचे मन रिकामे राहत नाही. ते स्वतःच्या समजुतीने भरते. वर्गातही हेच होते.

मग करावे काय? पहिल्या दिवशी सत्राचा आराखडा हाती द्यावा आणि सहा घरांत अर्थ बदलणाऱ्या शब्दांची यादी त्याला जोडावी. दर आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटे राखून दोन प्रश्न विचारावेत. वही न पाहता उत्तरे, गुण नाहीत. पुढचा धडा सुरू होण्यापूर्वी नेमके कुठे चुकले ते सांगावे. शंभर मुलांचा वर्ग असेल तर सगळे कागद तपासायला नकोत. वीस चाळले तरी समान चूक हाती लागते. त्यातून मुलांना त्यांची खबर मिळते, तशी शिक्षकालाही आपल्या शिकवण्याची मिळते.

मात्र हे काम फुकट मागू नये. तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, कागद चाळण्याचे नाहीत. मोजमाप हा कामाचाच भाग असेल, तर त्याच्या वेळेचा मोबदलाही असला पाहिजे.

ती मुलगी पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली. या खेपेस तिने तीन सोबती जमवले होते. दर शनिवारी ते एकमेकांना प्रश्न विचारीत. बापाच्या कर्जाची मुदत वाढली ती वाढलीच. या सभेत जे प्राध्यापक असतील त्यांना माझी विनंती आहे, की येत्या सत्रात दुसऱ्या आठवड्यातली चूक तिसऱ्या आठवड्यात सांगावी. आणि जे विद्यार्थी असतील त्यांनी ती विचारायला लाजू नये.