धुराचा दंड कोण भरणार?

हिवाळा आला की परळ, लालबाग, दादर या भागांत सकाळी धुरकट पडदा दिसू लागतो. केईएम, वाडिया, टाटा या रुग्णालयांच्या रांगा याच पट्ट्यात आहेत. राज्यभरातून माणसे इथे श्वास सावरायला, जीव वाचवायला येतात आणि त्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांचा धूरही याच रस्त्यांवर साचतो. ही हवा सुधारायची तर वाहनांवर बंधने येणार, हे आता सगळ्यांनाच कळून चुकले आहे. आपल्यासमोर प्रश्न आहे तो खर्चाचा. आपल्या वस्त्यांत टॅक्सी चालवणारे, टेम्पोवर माल पोहोचवणारे, जुन्या स्कूटरवरून दुकान उघडायला जाणारे पुष्कळ आहेत. बंधनांचा पहिला फटका त्यांनाच बसणार आहे. म्हणून हा विषय घरात बसून नीट समजून घ्यायला हवा.

लंडनने काय केले

जास्त धूर ओकणाऱ्या गाडीने शहराच्या ठरावीक भागात यायचे तर पैसे मोजायचे, या पद्धतीचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. तिथे ८ एप्रिल २०१९ रोजी शहराच्या मध्यभागी ही व्यवस्था सुरू झाली, २०२१ मध्ये ती वाढली आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनला लागू झाली. महापौर सादिक खान यांनी विरोध झेलून ती राबवली. निकषात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड, म्हणजे साधारण दीड हजार रुपये भरावे लागतात. नाक्यावर कोणी अडवत नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि पैसे भरले नसतील तर १८० पौंडांचा दंड घरी येतो. चौदा दिवसांत भरला तर तो निम्मा होतो.

या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, निकष गाडीच्या वयाचा नसून धुराच्या दर्जाचा आहे. दोन हजार सहाच्या आसपासची पेट्रोल गाडीसुद्धा बहुधा चालते, पण २०१४ची डिझेल गाडी अडकू शकते. दोन, जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांना महापालिकेने रोख मदत दिली, मोटारीसाठी दोन हजार पौंडांपर्यंत. काही रुग्णांना उपचारासाठी येण्याचे शुल्क परत मिळण्याचीही सोय आहे. तीन, पूर्ण शहरात योजना लागू झाली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्या आधीच निकषात बसत होत्या. म्हणजे भार थोड्यांवर पडला. मात्र ते थोडे लोक बहुतेक वेळा नवी गाडी न परवडणारेच असतात. लंडनमध्ये भांडण झाले ते याच मुद्द्यावर.

यामागे एका लहान मुलीची दुःखद कहाणीही आहे. एला आडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने २०१३ मध्ये दगावली. ती वाहत्या रस्त्यालगत राहत होती. तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण होते, असे डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने नोंदवले. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला नसता तर ही नोंद झालीच नसती.

मुंबईने हे आधीच केले आहे

मुंबईत आज असे शुल्काचे क्षेत्र नाही. पण धुरासाठी वाहने हटवण्याचा अनुभव या शहराला आहे आणि त्याची किंमत टॅक्सीवाल्यांनी मोजली आहे. 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली. समितीचा अहवाल एप्रिल २००० मध्ये आला. त्यानंतरच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी आणि इतर व्यावसायिक वाहनांना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर यावे लागले, नाहीतर रस्त्यावरून हटावे लागले. काही वर्षांत मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी डिझेलवरून सीएनजीवर आली. पंपांवर लांबच लांब रांगा लागत. किटचा खर्च अनेकांनी कर्ज काढून केला. पण पुढे सीएनजी स्वस्त पडल्यामुळे तो खर्च हळूहळू वसूलही झाला. यातून शिकायचे ते एवढेच, की पर्यायी इंधन स्वस्त आणि हाताशी असेल तर गरीब माणूसही बदलतो. ते नसेल तर बंदी म्हणजे फक्त रोजी बंद.

पुढे २०१३ मध्ये टॅक्सीचे कमाल वय पंचवीसवरून वीस वर्षांवर आणले गेले. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ला बाद झाली. त्याच्या दीड महिना आधी बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकरही निवृत्त झाली होती. लोकांनी फोटो काढले, आठवणी लिहिल्या. पण ज्यांचे घर त्या टॅक्सीवर चालत होते त्यांना आठवणींपेक्षा नव्या गाडीच्या हप्त्याची चिंता होती.

आज खिशाला काय लागते

'शुल्क क्षेत्र नाही' म्हणजे शुल्क नाही, असे समजू नका. महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी दुचाकीला पाच वर्षांसाठी २००० रुपये, पेट्रोल मोटारीला ३००० आणि डिझेल मोटारीला ३५०० रुपये द्यावे लागतात. व्यावसायिक वाहनांना हा कर आठ वर्षांनंतरच सुरू होतो. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढले आहे : दुचाकी १००० रुपये, मोटार ५००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते दुप्पट केले.

एक साधा हिशेब करू. घरात सोळा वर्षांची स्कूटर आहे. नूतनीकरण १०००, पर्यावरण कर २०००, उच्च सुरक्षा नंबरप्लेट ४५० अधिक जीएसटी म्हणजे सुमारे ५३०. सहा महिन्यांनी एक पीयूसी, पन्नास रुपये प्रमाणे पाच वर्षांत ५००. एकूण झाले चार हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला आठशे. त्याच वयाच्या पेट्रोल मोटारीला हाच आकडा पाच वर्षांत दहा हजारांवर जातो.

आता या कराची गंमत पाहा. महिन्यातून दोनदा निघणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी यांना तो सारखाच. नीट निगा राखलेली आणि काळा धूर सोडणारी यांनाही सारखाच. दादरला दुपारी चारला आली काय किंवा खेड्यात उभी राहिली काय, फरक नाही. म्हणजे पैसे धुराचे न घेता वयाचे घेतले जातात. त्यामुळे हवा किती सुधारते हे सांगणे कठीण होते आणि जुनी गाडी हीच ज्याची ऐपत त्याच्यावर बोजा पडतो. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ आहे. एकीकडे गर्दी आणि धूर कमी करायचा म्हणायचे आणि दुसरीकडे मोटारींना दार मोकळे करायचे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

अंमलबजावणीची खरी स्थिती

पीयूसी नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) प्रमाणे १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा जबर आहे. पण त्या प्रमाणपत्राने काय तपासले जाते? पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीत धुराचा काळेपणा. फुप्फुसात खोल उतरणारे अतिसूक्ष्म कण या तपासणीत मोजले जात नाहीत. तपासणीच न करता कागद मिळतो, ही तक्रारही जुनीच आहे. कागद खरा असेल तरच दंडाला अर्थ आहे.

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या याचिकेवर सरकारला विचारले की, पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करणे शक्य आणि योग्य आहे का. त्यावर निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली आणि तिला तीन महिन्यांत अहवाल द्यायला सांगितले. त्याच आदेशात लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितले होते. मुंबईच्या पावामागे किती मुस्लिम भट्टीवाले आणि कामगार आहेत, हे आपल्याला सांगायला नको. म्हणजे गाडी असो वा भट्टी, मुद्दा तोच : हवा सर्वांची, पण बदलाचा खर्च कोणाचा?

शुल्क आलेच तर

उद्या परळ-लालबाग-दादर-गिरगाव या भागासाठी शुल्क ठरले तर आपण काय मागावे? हवा स्वच्छ करू नका, असे तर आपण म्हणणार नाही. आपली मुलेही तिथेच श्वास घेतात. पण काही अटी न्याय्य आहेत. निकष गाडीच्या वयाचा न ठेवता धुराच्या दर्जाचा ठेवावा. रुग्णाला घेऊन येणाऱ्यांना सूट असावी. रुग्णवाहिका आणि रुग्णांच्या गाड्यांचा वळसा किती महाग पडतो, हे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना पूल बंद झाल्यावर परळकरांनी पाहिले आहे. टॅक्सी आणि छोटा टेम्पो यांना बदलण्यासाठी अनुदान आणि मुदत आधी मिळावी, दंड नंतर लागावा. आणि जमा झालेला पैसा बेस्टच्या बसवर खर्च व्हावा, त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

पर्याय अगदीच नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि दादर, गिरगाव, काळबादेवी तिच्यावर आली. पण मेट्रो कपड्यांचे गठ्ठे वाहत नाही, म्हणून छोट्या मालवाहूचा विचार वेगळा करावाच लागेल. शहर भागात रिक्षाही नाहीत, त्यामुळे टॅक्सी महाग झाली की वृद्ध आणि आजारी माणसांना तिसरी वाट उरत नाही.

आपल्या हाती काय

सरकारने काय करावे हे सांगून आपले काम संपत नाही. गाडीच्या कागदांतून नोंदणीची तारीख, पीयूसी आणि पर्यावरण कराची मुदत एका कागदावर लिहून घरात लावा. जुनी गाडी घेताना तिची पंधरा आणि वीस वर्षे कधी भरतात ते आधी पाहा. स्वस्त दिसणारी गाडी वर्षभरात महाग पडते. पीयूसी केंद्रावर तपासणी न करता कागद मागू नका, तो आपल्याच मुलांच्या श्वासाशी केलेला व्यवहार आहे. शाळा सुटताना आणि जुम्याच्या नमाजनंतर गाडीचे इंजिन चालू ठेवून थांबू नका. आणि मोहल्ल्यातल्या टॅक्सीवाल्या चाचांना, टेम्पोवाल्या भाईंना नव्या नियमाची बातमी वेळेवर सांगा. दंडाची चिठ्ठी आल्यावर कायदा समजण्यापेक्षा आधी समजला तर पोटही वाचते आणि हवाही.