शिरूरच्या रिसाल्याचा चांदीचा पंजा

मराठी फौजेत डंका आणि निशाण ही जोडी. लढाईच्या धुळीत सरदाराची हाक पोचायची नाही; नगारा वाजतोय, निशाण उभं आहे, एवढ्यावर स्वार टिकून राहत. म्हणूनच शत्रूचा डोळाही आधी त्या दोहोंवर. युरोपच्या घोडदळांनी तुर्कांकडून नगारे उचलले. पायदळाचा ढोल हुकूम पोचवी, पावलांना ठेका देई. पुढे त्याचं रणांगणावरचं काम संपलं. पलटणीने जिंकलेल्या लढायांची नावं ढोलावर रंगवायची रीत तेवढी राहिली.

शिरूरकरांच्या वाट्याला आलेली आठवण निशाणाची आहे. जून १८१७च्या पुणे तहानुसार, दुसऱ्या बाजीरावाच्या पैशावर इंग्रजांनी एक घोडदळ उभं केलं. त्याची छावणी घोडनदीकाठी, शिरूरला. कोरेगावला ज्याची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली, तो इंग्रजांचा कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबरच्या रात्री पुण्याकडे निघाला तो इथूनच, आणि त्याच्यासोबत या घोडदळाचे सुमारे अडीचशे स्वार होते.

हाच रिसाला ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात, बुशहरजवळच्या खुशाबला लढला. तिथे इराणी निशाण हाती लागलं. त्याच्या टोकाला चांदीचा पंजा, ईश्वराच्या हाताचा महिमा सांगणारी अक्षरं आणि १०६६ हे साल. हिजरी धरलं तर १६५५-५६, म्हणजे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तो काळ! मोहरमच्या सवाऱ्यांत पंजा पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या स्वारांना तो परका वाटला नसावा.

लूटच ती, दुसरं नाव कशाला द्यायचं? पण ती काचेच्या कपाटात गेली नाही. पलटणीच्या निशाणावर चढली. घोडे जाऊन रणगाडे आले, तरी या रिसाल्याने, म्हणजे आजच्या पूना हॉर्सने, पंजा सोडला नाही. १९६५मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते याच पलटणीत.

आठवण जपायची ती पलटणीनेच असं नाही; शिरूर-दौंडकडे माजी सैनिकांची घरं आहेत. कुणाच्या पेटीत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक असेल, तर ते चिंचेने घासू नका. त्याच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आधी तेवढं वहीत उतरवून घ्या.