गांडूळ नको, कोंबड्याचे पीस!

अमरनाथच्या यात्रेला आपल्याकडची मंडळी काश्मीरला जातात. तुम्ही गेलात तर वाटेत पहलगामला लिद्दर नदीच्या काठी घडीभर बसा. गुडघाभर गार पाण्यात उभा राहून कुणी लांब काठीची दोरी हवेत मागे-पुढे झुलवताना दिसेल. तो ट्राऊट मासा धरतो आहे.

कळंबला मांजरेच्या काठी आपण गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतो. ट्राऊट मात्र पाण्यावरून वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून गळावर कोंबड्याच्या मानेची पिसे दोऱ्याने बांधून खोटी माशी करतात. तिला वजन असे नाहीच. मग ती लांब जाते कशी? वजन दोरीत असते, दोरीच तिला घेऊन जाते. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. माशी त्याच्या वरच्या अंगाला टाकायची आणि वाहत येऊ द्यायची. जरा ओढली गेली, की गडी फिरकत नाही. मोठा चाणाक्ष जीव!

हा मासा मूळचा तिथलाही नव्हे. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून आणली. पाणी थंड, खळाळते, म्हणून रुजला. पाणी २० अंशांवर चढले की तो कासावीस होतो. आपल्या शेततळ्याचे पाणी तर चैत्रातच त्यापुढे जाते. तेव्हा ट्राऊटचे बीज विकायला कुणी दारात आला, तर पैसे मोजू नका. आपल्याला रोहू, कटला, मृगळच बरे.

आणि काश्मिरात गळ टाकायची हौस आलीच, तर आधी तिथल्या मत्स्य विभागाचा परवाना काढा.